चौकोन, शंकरपाळे आणि नाती : संगणकाला जग समजावून सांगण्याचा इतिहास

१/
मे १९७४. अमेरिकेतील मिशिगन राज्यातले ॲन आर्बर हे विद्यापीठाचे गाव. संगणकशास्त्रज्ञांच्या एका परिषदेत पन्नाशीच्या आसपासचे दोन गृहस्थ परस्परांच्या विरुद्ध बाजूने उभे होते. चार्ल्स बाकमन यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या विमानवेधी तोफखान्यात काम केले होते, तर एडगर कॉड यांनी ब्रिटिश हवाई दलात विमान चालवले होते. आता वादाचा विषय होता यंत्रात साठवलेली माहिती कशी मांडावी आणि तिच्यापर्यंत कसे पोहोचावे. ऐकायला हा प्रश्न रुक्ष वाटतो. पण आज बँकेतले खाते, रेल्वेचे आरक्षण, शाळेचा दाखला आणि रुग्णालयातील नोंद ज्या पायावर उभी आहे, तो पाया या वादातून आणि त्यानंतरच्या दोन वर्षांतून घडला. त्या पायाची ही कथा.

२/
सुरुवात थोडी मागून करावी लागते. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची छिद्रित कार्डे आणि ती मोजणारी यंत्रे वापरली गेली. एक माणूस म्हणजे एक कार्ड. वय, लिंग, जन्मस्थान या प्रत्येक गोष्टीला कार्डावर ठरावीक जागा आणि त्या जागी छिद्र. यंत्र छिद्रे मोजी आणि देशाचे चित्र तयार होई. सोय मोठी होती, पण तिच्या पोटात एक अट दडलेली होती. कार्डावर ज्या गोष्टीला जागा नाही, ती गोष्ट यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. कोणत्या गोष्टींना जागा द्यायची, हे कार्डाची आखणी करणारा माणूस गणनेच्या कितीतरी आधी ठरवून मोकळा झालेला असे.

३/
पुढे संगणक आले आणि कार्डांच्या जोडीला चुंबकीय फिती आल्या. फीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचावी लागे. मधलीच एक नोंद हवी असली तरी आधीच्या सगळ्या ओलांडाव्या लागत. त्यामुळे प्रत्येक विभागाने आपापल्या कामासाठी आपापली फाइल बनवली. पगारपत्रकाची फाइल वेगळी, विक्रीची वेगळी, गोदामाची वेगळी. एकाच ग्राहकाचे नाव तीन ठिकाणी, तीन पद्धतींनी लिहिलेले. त्याने घर बदलले की एका फाइलीत नवा पत्ता येई, उरलेल्या दोन फायलींत जुनाच राही. कंपनी एक, ग्राहक एक. पण यंत्राच्या लेखी तो तीन माणसांत विभागला गेलेला असे.

४/
१९५६ मध्ये आयबीएमने रामॅक ३०५ हे यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधल्या दोन-तीन छायाचित्रांएवढीही ही क्षमता नव्हे. पण महत्त्व क्षमतेचे नव्हते. तबकडीवरच्या कोणत्याही जागेवर थेट जाता येत होते. मग ग्राहकाची नोंद एकदाच ठेवून विक्री, गोदाम आणि वसुली या सर्वांनी तिच्याकडे बोट दाखवले तर? ही शक्यता प्रथमच व्यवहार्य झाली. मात्र त्यासाठी आधी एक गोष्ट ठरवणे भाग होते : कोणती नोंद कोणत्या नोंदीशी, कशी जोडलेली आहे?

५/
या प्रश्नाला पहिले भक्कम उत्तर दिले ते बाकमन यांनी. त्यांचा पिंड प्राध्यापकाचा नसून कारखान्यातल्या अभियंत्याचा होता. डाऊ केमिकल कंपनीतील नोकरीनंतर १९६० च्या सुमारास ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये आले. तिथे उत्पादनाचे नियोजन करणारी व्यवस्था उभारायची होती. मागणी आली की कोणते सुटे भाग लागतील, ते गोदामात आहेत का, नसतील तर कधी बनवायचे, अशी ही साखळी. या कामातून ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’, संक्षेपाने आयडीएस, ही प्रणाली घडली आणि १९६३ पर्यंत तिचे प्रत्यक्ष चालणारे रूप तयार झाले. डेटाबेस व्यवस्थापन प्रणालींच्या इतिहासात तिला आद्य स्थान दिले जाते.

६/
आयडीएसची कल्पना माळेसारखी होती. एका ग्राहकाची नोंद ही माळेचा मेरुमणी. त्याच्या पहिल्या मागणीचा पत्ता तिच्यात लिहिलेला. पहिल्या मागणीत दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा आणि शेवटची पुन्हा ग्राहकाकडे वळलेली. एकच नोंद अनेक माळांत ओवता येई. मागणी ग्राहकाच्या माळेतही असे आणि मालाच्या माळेतही. प्रोग्रामर या माळांवरून मण्यामागून मणी सरकवत हव्या त्या नोंदीपर्यंत पोहोचे. वेग चांगला मिळे. पण वाट ठाऊक असणे अनिवार्य होते. माळांची रचना बदलली की त्या वाटेने जाणारे प्रोग्रामही पुन्हा लिहावे लागत.

७/
बाकमन यांचे दुसरे योगदान त्याहून साधे आणि अधिक टिकाऊ ठरले. त्यांनी या रचनेची चित्रे काढायला सुरुवात केली. नोंदींच्या प्रत्येक प्रकारासाठी एक चौकोन. एका ग्राहकाच्या अनेक मागण्या असतात हे दाखवण्यासाठी ग्राहकाकडून मागणीकडे जाणारा बाण. १९६९ मध्ये त्यांनी ही पद्धत लेखरूपाने मांडली. आता यंत्राच्या पोटातली रचना कारखान्याच्या व्यवस्थापकासमोर कागदावर पसरता येऊ लागली. ‘एका मागणीत अनेक वस्तू असतात ना?’ असे त्याला विचारता येऊ लागले. तरीही हे चित्र यंत्रातल्या नोंदींचे होते, बाहेरच्या जगाचे नव्हते. हा भेद पुढे निर्णायक ठरणार होता.

८/
त्याच दशकात अमेरिकेची चांद्रमोहीम आकाराला येत होती. अपोलोसाठी लागणाऱ्या लक्षावधी सुट्या भागांची यादी सांभाळणे हेच एक अवाढव्य काम होऊन बसले. आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांसह त्यासाठी एक प्रणाली बनवली. ऑगस्ट १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ती कार्यान्वित झाली आणि पुढे आयएमएस या नावाने विकली जाऊ लागली. तिची रचना वंशवृक्षाची होती. यानाखाली टप्पे, टप्प्याखाली इंजिन, इंजिनाखाली पंप, पंपाखाली झडप. प्रत्येक अपत्याला एकच पालक. यंत्राच्या जडणघडणीला ही मांडणी शोभून दिसत होती.

९/
पण जग वंशवृक्षासारखे क्वचितच असते. तोच स्क्रू दहा निरनिराळ्या जोडणींत लागतो. मग त्याचा पालक कोण? एकच शिक्षक अनेक वर्गांना शिकवतो आणि एका वर्गाला अनेक शिक्षक असतात. इथे वर कोण आणि खाली कोण? वृक्षात हे बसवायचे तर एकतर तीच नोंद पुनःपुन्हा लिहावी लागे, नाहीतर आडवे दुवे जोडून मूळ सुटसुटीत रचनेवर ठिगळे लावावी लागत. यंत्राला सोयीची मांडणी माणसाच्या व्यवहारावर लादली जात होती आणि तिच्याशी जुळवून घेण्याचे ओझे प्रोग्रामर वाहत होता.

१०/
आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एडगर कॉड हे सारे अस्वस्थपणे पाहत होते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर जन्मलेले आणि ऑक्सफर्डला शिकलेले कॉड मुळात गणिती होते. मॅकार्थी पर्वातील राजकीय वातावरणाला कंटाळून त्यांनी काही वर्षे अमेरिका सोडून कॅनडात काढली होती. परत आल्यावर मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. माळा आणि वृक्ष यांच्या जंजाळाकडे त्यांनी गणितज्ञाच्या नजरेने पाहिले आणि त्यांना वाटले की यातले बहुतेक सगळे अनावश्यक आहे.

११/
जून १९७० मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. त्याचा गाभा असा : माहिती यंत्रात कशी रचली आहे, हे तिचा उपयोग करणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी. ओळींचा क्रम महत्त्वाचा नाही, पत्ते नाहीत, माळा नाहीत. दोन कोष्टकांतले नाते जोडायचे ते समान मूल्यांच्या आधारे. विद्यार्थ्याचा क्रमांक दोन्हीकडे सारखा असला की पुरे. संच सिद्धांत आणि तर्कशास्त्र यांवर ही मांडणी उभी होती. वाटसरूने केवळ ठिकाण सांगावे, वाट यंत्राने शोधावी, असा हा आग्रह होता.

१२/
तत्त्व देखणे होते, पण सराव करणाऱ्यांना ते पटेना. वाट यंत्राने शोधायची म्हणजे वेग मंदावणार, असा रास्त आक्षेप होता. शिवाय आयबीएमकडे आयएमएस हे चांगले खपणारे उत्पादन आधीच होते; घरातल्याच संशोधकाने त्याच्या मुळावर यावे हे कंपनीला फारसे रुचण्यासारखे नव्हते. दुसरीकडे बाकमन यांचे पारडे जड होत चालले होते. त्यांच्या धर्तीवरच्या जाळीदार रचनेची प्रमाण रूपरेखा कोडॅसिल या संस्थेच्या गटाने १९७१ च्या अहवालात मांडली. १९७३ मध्ये बाकमन यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला माहितीच्या सागरातला नावाडी म्हटले आणि विचारातील या बदलाची तुलना कोपर्निकसच्या क्रांतीशी केली.

१३/
ॲन आर्बरचा सामना या पार्श्वभूमीवर झाला. एका बाजूला वाट स्वतः शोधणारा नावाडी, दुसऱ्या बाजूला नावाड्याची गरजच नाकारणारे गणित. बाकमन यांच्या बाजूला दहा वर्षांचा अनुभव आणि चालू असलेल्या प्रणाली होत्या. कॉड यांच्या बाजूला साधेपणा आणि भविष्य. त्या दिवशी कोणी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. मात्र त्याच सुमारास सॅन होजे येथे सिस्टिम आर आणि बर्कली येथे इंग्रेस असे दोन प्रकल्प कोष्टकांची कल्पना वेगाने चालवता येते हे सिद्ध करण्यात गुंतले होते. सॅन होजेच्या प्रकल्पातून जी प्रश्नभाषा निघाली, तीच आजची एसक्यूएल. कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो १९८१ मध्ये.

१४/
इतिहासात या वादाचा निकाल बहुधा ‘कॉड जिंकले’ अशा दोन शब्दांत सांगितला जातो. परंतु दोन्ही पक्षांच्या हातून एक प्रश्न निसटला होता. माळा असोत की कोष्टके, ही सारी माहिती साठवण्याची आणि शोधण्याची साधने. मुळात साठवायचे काय, हे कोणी आणि कसे ठरवायचे? कोष्टकाला तर सगळे सारखेच. कर्मचाऱ्यांची यादी हेही कोष्टक आणि कोणता कर्मचारी कोणत्या प्रकल्पावर आहे, हेही कोष्टकच. एक यादी वस्तूंची आहे आणि दुसरी नात्यांची, हा अर्थातला फरक कोष्टकाच्या चेहऱ्यावर उमटत नाही. अर्थ हरवला की आखणी करणारा चुकतो आणि ती चूक प्रणालीच्या पायातच गाडली जाते.

१५/
ही उणीव काहींच्या लक्षात आली होती. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने १९७२ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाने १९७५ च्या अंतरिम अहवालात तीन पातळ्यांची कल्पना पुढे केली. खालची पातळी यंत्राची : तबकडीवर अक्षरे कशी ठेवली आहेत. वरची पातळी वापरणाऱ्यांची : लेखापालाला काय दिसते, गोदामपालाला काय दिसते. या दोहोंच्या मधली पातळी संकल्पनेची : संपूर्ण संस्थेच्या दृष्टीने मुळात काय अस्तित्वात आहे आणि त्याचे परस्परांशी काय नाते आहे. यंत्र बदलले तरी ही मधली पातळी बदलू नये आणि एखाद्या विभागाची गरज बदलली तरीही ती ढळू नये. ‘संकल्पनात्मक आराखडा’ हा शब्दप्रयोग इथून रुळला. जागा तयार झाली. तिथे काय लिहायचे, ते सांगणारी भाषा मात्र अजून सर्वमान्य नव्हती.

१६/
युरोपातही हेच मंथन चालू होते. एप्रिल १९७४ मध्ये कॉर्सिका बेटावरील कार्जेझ या गावी झालेल्या परिषदेत फ्रेंच संशोधक झाँ-रेमाँ आब्रियाल यांनी माहितीच्या अर्थाविषयी निबंध मांडला. त्यांचे म्हणणे असे की नोंद हा एकक धरूच नये. वस्तू आणि त्यांच्यातले दुहेरी संबंध हे एकक धरावे. नोंद हा शब्द खतावणीतून आणि कार्डांतून आलेला. त्याच्याबरोबर कार्डाच्या मर्यादाही डोक्यात येऊन बसतात. जगाचा विचार करताना कार्ड बाजूला ठेवायला हवे, हा विचार आता अनेक दिशांनी डोके वर काढत होता.

१७/
त्या विचाराला सर्वांना उमजेल असे रूप दिले एका तरुणाने. पीटर पिन-शान चेन यांचा जन्म १९४७ चा, तैवानमधील ताइचुंग शहरातला. तैपेईला विद्युत अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत आले, १९७३ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली, काही काळ हनीवेल कंपनीत काम केले आणि एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यालयात शिकवू लागले. सप्टेंबर १९७५ मध्ये एका नव्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपली कल्पना मांडली. मार्च १९७६ मध्ये ती एका नवीनच सुरू झालेल्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात छापून आली. तेव्हा चेन तिशीच्याही आत होते. पुढे हा संगणकशास्त्रात सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या निबंधांपैकी एक ठरला.

१८/
चेन यांचे म्हणणे असे : जग वस्तूंचे आणि त्यांच्यातल्या नात्यांचे बनलेले आहे, असे पाहणे माणसाला स्वाभाविक वाटते, म्हणून आराखडाही तसाच असावा. वस्तूंसाठी चौकोन, नात्यासाठी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आणि दोहोंना जोडणाऱ्या रेषा. रेषेवर लिहायचे की नाते एकास एक आहे, एकास अनेक आहे की अनेकांस अनेक. वस्तूंना गुणधर्म असतात, तसे नात्यांनाही असतात. हे चित्र एकदा पक्के झाले की त्यावरून हवी तर कोष्टके बनवावीत, हव्या तर माळा. ॲन आर्बरच्या दोन्ही पक्षांना आपापले घर या एकाच नकाशावर सापडत होते. निबंधाच्या शीर्षकातही एकात्मिक दृष्टीकडे जाण्याचा उल्लेख होता.

१९/
नात्यालाही गुणधर्म असतात, हे समजायला सातबारा घ्यावा. जमिनीचा गट ही एक वस्तू, खातेदार ही दुसरी. एका गटाचे अनेक खातेदार आणि एका खातेदाराचे अनेक गट. म्हणजे अनेकांस अनेक असे नाते. आता प्रत्येकाच्या वाट्याचे क्षेत्र कुठे लिहायचे? ते केवळ जमिनीचे नाही, कारण जमीन सर्वांची आहे. ते केवळ माणसाचेही नाही, कारण त्याच्या प्रत्येक गटातला हिस्सा वेगळा आहे. हिस्सा हा त्या दोघांमधल्या नात्याचा गुणधर्म आहे. वारसाची नोंद करताना फेरफार होतो, तेव्हा बदलते ते हे नाते. जमीन तीच राहते. चेन यांच्या चित्रात शंकरपाळ्याला स्वतंत्र स्थान आहे ते याचसाठी.

२०/
चेन यांनी आपल्या निबंधात दिलेली दोन उदाहरणे बारकाईने पाहण्याजोगी आहेत. पहिले विवाहाचे. विवाह हे दोन व्यक्तींमधले नाते आहे की स्वतःच एक वस्तू आहे? कोणी असे पाहील, कोणी तसे. निर्णय संस्थेने आपल्या गरजेनुसार घ्यायचा, असे चेन म्हणतात. दुसरे उदाहरण कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचे. कंपनीच्या दृष्टीने त्यांची ओळख कर्मचाऱ्यामार्फतच होते आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्यांच्या नोंदीला अर्थ उरत नाही. अशा परावलंबी वस्तूंना त्यांनी दुर्बळ म्हटले. घरातली जिवंत माणसे कंपनीच्या नकाशावर दुर्बळ ठरतात, कारण नकाशा कंपनीचा आहे. पाहणारा बदलला की जग बदलते, ही गोष्ट या कोरड्या तांत्रिक शब्दातच सामावलेली होती.

२१/
आराखड्याचे भाषेशी असलेले नातेही चेन यांना जाणवत होते. १९८३ च्या एका निबंधात त्यांनी इंग्रजी वाक्यरचना आणि आपली चित्रे यांची सांगड घातली : नामांतून वस्तू मिळतात, सकर्मक क्रियापदांतून नाती, विशेषणांतून वस्तूंचे गुणधर्म. पुढे मागे वळून पाहताना त्यांनी चिनी लिपीचाही उल्लेख केला. सूर्य, चंद्र, माणूस यांची मूळ चिन्हे वस्तूंच्या आकृतींतून आली आणि साध्या चिन्हांच्या जोडणीतून नवे अर्थ घडले. हजारो वर्षांपूर्वी लिपी घडवणारे आणि विसाव्या शतकात आराखडे काढणारे एकाच कामात गुंतलेले होते. जगातल्या असंख्य गोष्टींतून निवडक काही उचलून त्यांना खूण देणे, हे ते काम.

२२/
भाषेची वाट आणखी पुढे नेली ती शिर नेइसन यांनी. १९७० च्या दशकात युरोपातील कंट्रोल डेटा कंपनीत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत घडवली ती नियाम नावाने ओळखली जाते. चौकोनांपासून सुरुवात करण्याऐवजी ती वाक्यांपासून सुरुवात करते. ज्याला कामाची जाण आहे अशा माणसाने साधी, खरी वाक्ये सांगायची : अमुक रुग्णाला अमुक डॉक्टरांनी अमुक दिवशी तपासले. मग विचारायचे, एकाच दिवशी दोन डॉक्टर तपासू शकतात का? उदाहरणांनी नियम पारखायचे. नेइसन पुढे ऑस्ट्रेलियात गेले. तिथल्या क्वीन्सलंड विद्यापीठात टेरी हॅल्पिन यांनी या पद्धतीला पक्का तार्किक पाया दिला.

२३/
सगळ्यांत अवघड प्रश्न विचारले ते आयबीएममधील विल्यम केंट यांनी. १९७८ च्या ‘डेटा अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांनी ‘एक वस्तू’ म्हणजे नेमके काय, याच प्रश्नाला हात घातला. ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील, तर पुस्तके किती? एक की पाच? लेखकाच्या दृष्टीने एक, कपाट लावणाऱ्याच्या दृष्टीने पाच. दोघेही ‘पुस्तक’ हाच शब्द वापरतात आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत असे वाटते. प्रत्येक आराखडा हा कोणाच्या तरी प्रयोजनाने घेतलेला निर्णय असतो. जगाची हुबेहूब प्रतिमा तो असू शकत नाही, हे केंट यांचे सांगणे. संगणकशास्त्राच्या दालनात त्यांनी तत्त्वज्ञानाला रीतसर प्रवेश दिला.

२४/
कॉडही मागे राहिले नाहीत. कोष्टकांत अधिक अर्थ कसा भरता येईल, याचा विचार त्यांनी १९७९ च्या निबंधात केला. १९८० च्या दशकात कोष्टकांवर चालणाऱ्या प्रणालींनी बाजार काबीज केला आणि त्यांच्या आखणीची रीतही ठरून गेली. आधी संकल्पनेचा आराखडा, मग त्याची कोष्टके, शेवटी यंत्रातील रचना. पाठ्यपुस्तकांनी ही रीत जगभर नेली. एल्मासरी आणि मूळ भारतीय असलेले शामकांत नवाथे यांचे पुस्तक १९८९ मध्ये आले. सिल्बरशात्झ आणि कॉर्थ यांच्या ग्रंथाला पुढे मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक एस. सुदर्शन हे सहलेखक लाभले. पवईत शिकणारा विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियातला विद्यार्थी तेच चौकोन, तीच शंकरपाळी काढू लागले.

२५/
नंतरच्या काळात रूपे बदलत राहिली. १९९७ मध्ये यूएमएल ही चित्रभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आणि वस्तूंच्या जोडीला त्यांच्या वर्तनाचेही चित्रण होऊ लागले. एकविसाव्या शतकात महाजालावरील प्रचंड साठ्यांसाठी कोष्टकांची चौकट सोडून देणाऱ्या प्रणाली आल्या आणि ‘आता आराखडा नकोच’ अशी हवा निर्माण झाली. पण आराखडा नाहीसा होत नाही. तो कागदावर नसेल तर प्रोग्रामच्या ओळींत विखुरलेला असतो आणि तिथे तो कोणाला वाचता येत नाही, कोणाला प्रश्न विचारता येत नाही. बाकमन यांनी पहिला चौकोन काढला तेव्हा साधलेली गोष्ट नेमकी हीच होती : निर्णय दृष्टीस पडला.

२६/
निर्णय दृष्टीस पडणे का महत्त्वाचे, याचे उत्तर भारताच्या जनगणनेत सापडते. २००१ पर्यंतच्या गणनेत लिंगाच्या रकान्यासाठी दोनच संकेत होते, पुरुष आणि स्त्री. २०११ मध्ये ‘इतर’ असा तिसरा संकेत प्रथमच आला आणि सुमारे ४.८८ लाख व्यक्तींची नोंद त्याखाली झाली. त्या व्यक्ती २०११ मध्ये अवतरल्या नव्हत्या. तोवर त्यांना ज्या रकान्यात बसवले गेले तो त्यांचा नव्हता, इतकेच. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला कायदेशीर मान्यता दिली. तेव्हापासून ज्या ज्या अर्जात आणि प्रणालीत दोनच पर्याय होते, तिथे तिथे आराखडा नव्याने तपासणे क्रमप्राप्त झाले. एका गुणधर्माला किती मूल्ये असावीत, हा वर्गात शिकवला जाणारा तांत्रिक प्रश्न इथे नागरिकत्वाचा प्रश्न होतो.

२७/
हॉलरिथच्या कार्डापासून आजच्या प्रणालींपर्यंत यंत्रे ओळखू न येण्याइतकी बदलली आहेत. प्रश्न मात्र तेच राहिले : काय मोजायचे, एक कशाला म्हणायचे, कोणाचे कोणाशी नाते मानायचे आणि हे सगळे कोणी ठरवायचे. बाकमन, कॉड, चेन, नेइसन आणि केंट यांची उत्तरे वेगवेगळी होती. तरी यंत्राला कामाला लावण्यापूर्वी माणसांनी एकत्र बसून आपल्याला जग कसे दिसते हे कागदावर मांडावे, याविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. कॉड २००३ मध्ये गेले, बाकमन २०१७ मध्ये. पुढच्या वेळी एखाद्या अर्जातल्या रकान्यांत स्वतःची माहिती बसेना, तर तो दोष भरणाऱ्याचा नसतो. कोणीतरी, कधीतरी काढलेल्या एका चौकोनात ती जागा राहून गेलेली असते. आणि चौकोन पुन्हा काढता येतात.

(समाप्त)